एकोणचाळीस मिनिटांचे अंतर : मुंबई वेळेचा वाद आणि त्यातील कालदृष्टी

१

इतिहासाच्या अभ्यासकाला काळ हा आपल्या शास्त्राचा पाया वाटतो, आणि म्हणूनच बहुधा तो काळाचे स्वतंत्र परीक्षण करीत नाही. सनावळी निश्चित झाली, तिथी व तारीख यांचा मेळ बसला, की काळासंबंधीचे आपले काम संपले असे तो मानतो. परंतु ज्या माणसांचा इतिहास आपण लिहितो ती माणसे काळ कशी मोजीत होती, कोणाच्या मापाने मोजीत होती आणि त्या मापाचा त्यांच्या दैनंदिन जीवनावर कोणता परिणाम होत होता, हा प्रश्न सनावळीने सुटत नाही. एकाच शहरात, एकाच दिवशी, निरनिराळ्या समाजगटांना एकच तास निरनिराळा भासू शकतो. हा केवळ मनोव्यापाराचा भाग नसून त्यामागे व्यवसाय, सत्ता आणि जीवनक्रम यांतील भेद असतात. प्रस्तुत लेखात मुंबई शहरातील वेळेच्या वादाचा विचार या दृष्टीने करावयाचा आहे.

वादाचा विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे, आणि भारतीय प्रमाणवेळ ५ तास ३० मिनिटे पुढे. दोहोंतील अंतर ३९ मिनिटांचे. जुन्या मापाने हे अंतर एक घटिका व साडेसदतीस पळे इतके होते. एवढ्याशा अंतरासाठी एका मोठ्या शहराने सुमारे अर्धशतकभर दोन घड्याळे का चालू ठेवावीत, आणि १९०६ च्या जानेवारीत गिरणी कामगारांनी दगड का उचलावेत, याचे उत्तर मिनिटांच्या संख्येत सापडत नाही. ते मिनिटे मोजणाऱ्यांच्या भूमिकेत शोधावे लागते.

२

प्रथम पूर्वपीठिका पाहू. घड्याळ येण्यापूर्वी महाराष्ट्रात कालमापनाची सूक्ष्म साधने नव्हती असा एक समज आढळतो. तो बरोबर नाही. अहोरात्राच्या ६० घटिका, घटिकेची ६० पळे, म्हणजे घटिका २४ मिनिटांची आणि पळ २४ सेकंदांचे, हे विभाजन तासमिनिटांपेक्षा स्थूल म्हणता येणार नाही. लग्नघरी घंगाळातील पाण्यावर घटिकापात्र सोडून मुहूर्त साधण्याची रीत अगदी अलीकडेपर्यंत चालू होती. फरक सूक्ष्मतेत नव्हता, आरंभबिंदूत होता. पंचांगातील घटिका सूर्योदयापासून मोजावयाच्या, आणि सूर्योदय गावागणिक भिन्न. त्यामुळे वेळ ही स्वभावतःच त्या त्या स्थळाची असे.

तथापि समान रेखेची कल्पना भारतीय परंपरेला अपरिचित होती असेही नाही. ज्योतिषसिद्धान्तांत लंका व उज्जयिनी यांवरून जाणारी मध्यरेखा गृहीत धरून गणित केले जाई, आणि नंतर ‘देशांतर’ संस्कार देऊन ते इष्ट स्थळाला लागू केले जाई. म्हणजे सामायिक वेळ गणितासाठी आणि स्थानिक वेळ जगण्यासाठी, अशी कामाची विभागणी होती. ज्योतिष्याची मध्यरेखा शेतकऱ्याला पहाटे उठवावयास येत नव्हती. एकोणिसाव्या शतकात जो पालट झाला त्याचे मर्म हे की, गणिताची वेळच जगण्याची वेळ व्हावी असा आग्रह प्रथमच धरला गेला.

वर्षगणनेतही अशीच अनेकता होती. धर्मकृत्यांत शालिवाहन शक, मराठेशाहीच्या दफ्तरात अरबी अथवा सुहूर सन. हा सन सूर्याच्या मृग नक्षत्रातील प्रवेशाबरोबर बदलत असल्याने त्याला मृगसाल म्हणत. पेरणीच्या तोंडावर वर्ष बदलणे हे वसुलीच्या दृष्टीने सोयीचे होते. दिवसाच्या आरंभाविषयीही असेच. हिंदूंचा वार सूर्योदयाबरोबर बदले, मुसलमानांचा सूर्यास्ताबरोबर, आणि इंग्रजी कचेरीचा मध्यरात्री. मुंबईसारख्या शहरात हे तिन्ही आरंभ शेजारी शेजारी नांदत होते व त्यावरून तंटे झाल्याचे ऐकिवात नाही. अनेक कालगणना एकत्र असणे हे वादाचे कारण नव्हे. एका गणनेने दुसरीची जागा घेऊ पाहणे हे वादाचे कारण होय, हा पहिला निष्कर्ष येथेच नोंदवून ठेवावा.

३

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याकडे पहिली गाडी निघाली. एका गावाच्या वेळेने सुटून दुसऱ्या गावाच्या वेळेने पोहोचणारी गाडी वेळापत्रकात बसविणे ही पुढे लोहमार्गांच्या विस्ताराबरोबर मोठी अडचण झाली. रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने पुण्याची स्थानिक वेळ मुंबईच्या सुमारे चार मिनिटे पुढे, नागपूरची सुमारे पंचवीस मिनिटे पुढे, कलकत्त्याची एक तासाहून अधिक पुढे. यावर तोडगा म्हणून मुंबई व कलकत्ता यांच्या दरम्यान असलेल्या मद्रासची वेळ रेल्वे व तारखात्याने स्वीकारली. मद्रासला १७९२ पासून वेधशाळा होती, हेही त्याचे एक कारण होय. मद्रास वेळ मुंबईच्या अर्धा तास पुढे होती. अशा रीतीने मुंबईकर गाडीसाठी एक वेळ आणि गावासाठी दुसरी वेळ वापरू लागला, आणि त्यात त्याला विशेष अडचण वाटली नाही. उलट गाडी पकडणाऱ्याने अर्धा तास आधी निघावे, एवढाच त्याचा व्यावहारिक अर्थ होता.

१८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या सरकारने मद्रास वेळ मुंबईतील सरकारी व्यवहारांसाठी लागू केली, तेव्हा मात्र चित्र पालटले. १८७८ मध्ये पुरा झालेला विद्यापीठाचा राजाबाई मनोरा त्या वेळी नुकताच शहराच्या नजरेत भरू लागला होता. त्यावरील घड्याळाने कोणती वेळ दाखवावी, हा प्रश्न तत्काळ सार्वजनिक झाला. रेल्वेच्या घड्याळाविषयी जे लोक तीस मिनिटे सहज पत्करीत होते तेच लोक आता हरकत घेऊ लागले. कारण पूर्वी दुसरी वेळ निवडण्याचा अधिकार त्यांच्याकडे होता. आता तो राहणार नव्हता. विरोध इतका झाला की १८८३ मध्ये सरकारने आपला हुकूम मागे घेतला.

४

या वादाची कागदपत्रे प्रामुख्याने वृत्तपत्रे, व्यापारी संस्था, नगरपालिका आणि सरकारी खाती यांची आहेत. त्यामुळे तो सुशिक्षितांचा व व्यापाऱ्यांचा वाद म्हणून सांगितला जातो. परंतु त्याच सुमारास याच शहरात वेळेविषयी दुसरा एक कागद तयार होत होता, आणि त्याकडे या संदर्भात पुरेसे लक्ष दिले जात नाही. तो म्हणजे १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सुमारे साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांनिशी सादर झालेला अर्ज.

मुंबईतील पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. त्या काळी गिरणीचा दिवस सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतचा असे. हा क्रम शेतीच्या दिवसासारखा दिसतो, पण साम्य फसवे आहे. शेतकऱ्याच्या दिवसात उन्हाची विश्रांती, पावसाची उसंत आणि हंगामाचा चढउतार असतो. यंत्राच्या दिवसात सूर्योदय व सूर्यास्त या फक्त दोन सीमा उरल्या आणि मधला भाग अखंड झाला. मुंबईत दिनमान डिसेंबरअखेर सुमारे अकरा तासांचे, तर जूनअखेर सव्वातेरा तासांचे असते. म्हणजे निसर्गाच्या नावाखाली कामगाराचा दिवस उन्हाळ्यात सव्वादोन तासांनी वाढत होता, आणि तोही उकाड्याच्या दिवसांत.

आता १८८४ च्या अर्जातील मागण्या पाहाव्यात. दर रविवारी पूर्ण सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे, महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळावा, आणि कामावर जायबंदी झालेल्यास बरे होईपर्यंत वेतन मिळावे. पाचही मागण्या काळाशी निगडित आहेत, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्यांतही तिसरी मागणी अत्यंत अर्थपूर्ण आहे. कामाचा आरंभ घड्याळाने ठरवावा आणि शेवट सूर्याने ठरवावा, असे तीत म्हटले आहे. हा विसंवाद नव्हे. मुंबईच्या स्थानिक वेळेनुसार ऐन हिवाळ्यातील सूर्योदय सुमारे साडेसहाचा, तर जूनमधील सुमारे ५ वाजून २२ मिनिटांचा असतो. साडेसहाची मर्यादा घातल्याने उन्हाळ्याच्या सकाळी एक तासाहून अधिक वेळ कामगाराच्या पदरात पडत होता. उलट संध्याकाळी सूर्यास्त ही अशी सीमा होती की, विजेचे दिवे येण्यापूर्वी ती मालकाला ओलांडता येत नव्हती. घड्याळ मात्र मालकाच्या भिंतीवर होते. जेथे घड्याळ आपल्या उपयोगी तेथे घड्याळ, जेथे सूर्य अधिक विश्वासू तेथे सूर्य, अशी ही निवड आहे. कामगार घड्याळाला अपरिचित होता म्हणून त्याने प्रमाणवेळेला विरोध केला, या स्पष्टीकरणाला हा अर्ज सरळ छेद देतो.

रविवारच्या मागणीविषयीही असेच म्हणता येईल. कारखान्याच्या कायद्याच्या दृष्टीने रविवार हा सात दिवसांतील एक विश्रांतीचा दिवस. ख्रिस्ती राज्यकर्त्याच्या दृष्टीने तो उपासनेचा दिवस. घाटावरून व कोकणातून आलेल्या कष्टकरी मराठी माणसाच्या मनात तो खंडोबाचा वार. एकाच दिवसाला तीन अर्थ होते आणि तिन्ही अर्थ त्या मागणीत सुखाने सामावले. लोखंडे यांच्या प्रयत्नांना १० जून १८९० रोजी यश आले. गिरणीमालकांच्या संघाने साप्ताहिक सुटी मान्य केली. पुढे १८९१ च्या कायद्याने तिला वैधानिक रूप आले व स्त्रियांच्या कामावर अकरा तासांची मर्यादा पडली. प्रौढ पुरुषांच्या तासांवर मात्र कोणतीही मर्यादा अद्याप नव्हती.

५

या पार्श्वभूमीवर १९०५-०६ चा प्रसंग पाहावा. १ जुलै १९०५ पासून रेल्वे व तारखात्याने ८२॥ अंश पूर्व रेखांशावर आधारलेली वेळ स्वीकारली, आणि १ जानेवारी १९०६ पासून ती भारतीय प्रमाणवेळ म्हणून रूढ करण्याचा उपक्रम झाला. ही वेळ मुंबई वेळेच्या ३९ मिनिटे पुढे, कलकत्ता वेळेच्या २४ मिनिटे मागे. सरकारच्या दृष्टीने तो केवळ सोयीचा प्रश्न होता, आणि तारेने जोडलेल्या देशात ती सोय खरी होती हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु १९०५ च्या ऑक्टोबरात बंगालची फाळणी अमलात आलेली होती. लोकांना न विचारता नकाशावर रेघ ओढणारे सरकार आता घड्याळाचे काटेही न विचारता फिरवीत आहे, असे सुशिक्षित वर्गाला वाटणे स्वाभाविक होते. मुंबईच्या महानगरपालिकेत सर फिरोजशहा मेहता यांच्या पक्षाने मुंबई वेळेचा कैवार घेतला व त्याच वर्षी महानगरपालिकेने आपल्या व्यवहारासाठी मुंबई वेळच राखली. त्यांच्या दृष्टीने प्रश्न नागरी स्वायत्ततेचा होता.

कामगाराच्या दृष्टीने प्रश्न निराळा होता. १९०४-०५ च्या सुमारास मुंबईच्या अनेक गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि कापडाच्या तेजीमुळे कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबला. १८८४ च्या अर्जाने ज्या सूर्यास्तावर विश्वास ठेवला होता ती सीमा आता विजेने पुसून टाकली होती. १९०५ मध्ये या वाढीव तासांविरुद्ध गिरण्यांतून असंतोष उफाळलाही होता. अशा वेळी घड्याळ ३९ मिनिटे पुढे नेण्याची वार्ता आली. गिरणीचा भोंगा नव्या घड्याळाने सहाला होणार असेल तर तो जुन्या घड्याळाने ५ वाजून २१ मिनिटांनी होणार, आणि जानेवारीतील सूर्योदयाला तेव्हा सव्वा तास अवकाश असणार. आधी स्वयंपाक उरकून कामाला निघणाऱ्या स्त्रीचा दिवस त्याहूनही आधी सुरू होणार.

यावर असा आक्षेप येईल की, सकाळी जेवढे लवकर यावयाचे तेवढेच संध्याकाळी लवकर सुटावयाचे. एकूण तास तेच. गणिताने हे बरोबर आहे. परंतु नजीकच्या अनुभवाने कामगाराला हेच शिकविले होते की, सकाळची सीमा भोंग्याने पक्की होते आणि संध्याकाळची सीमा दिव्याने सैल होते. सकाळचा तोटा निश्चित, संध्याकाळचा लाभ मालकाच्या मर्जीवर. १९०६ च्या जानेवारीत कामगारांनी काम थांबविले व दगडफेक केली, तिच्यामागे हा अनुभव असावा असे अनुमान प्रस्तुत लेखक करतो. कामगारांचे स्वतःचे लेखी निवेदन हाती नसताना अनुमानाहून अधिक काही म्हणणे उचित होणार नाही. परंतु ‘रूढीप्रियता’ किंवा केवळ ‘सरकारविरोध’ या कारणांपेक्षा हे कारण १८८४ च्या अर्जाशी अधिक सुसंगत आहे.

हेच कामगार दोन वर्षांनी, जुलै १९०८ मध्ये, टिळकांना झालेल्या सहा वर्षांच्या शिक्षेविरुद्ध सहा दिवस हरताळ पाळतात. वर्षाला एक दिवस असा त्याचा हिशेब लोकांत सांगितला गेला. ज्यांच्या वेळेवर त्यांची स्वतःची सत्ता नव्हती, त्यांनी काम न करण्याच्या दिवसांनाच भाषा बनविले, असे येथे दिसते. त्याच सुमारास बसलेल्या १९०७-०८ च्या कारखाना कामगार आयोगाच्या बहुमताने प्रौढ पुरुषांच्या तासांवर थेट मर्यादा घालण्यास विरोध केला, डॉ. टी. एम. नायर यांनी भिन्नमतपत्रिका जोडली. अखेर १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली. १९२२ मध्ये ती अकरा, १९३४ मध्ये दहा आणि १९४६ मध्ये नऊ तासांवर आली. दिवसाच्या लांबीला कायद्याचे संरक्षण मिळाले, तसतसे घड्याळ कोणत्या रेखांशाचे याविषयी कामगाराला वाटणारे भय कमी होत गेले असावे.

६

येथे मुंबई वेळेच्या समर्थकांची बाजूही परीक्षेशिवाय स्वीकारता कामा नये. ही वेळ नैसर्गिक, सूर्याची वेळ, असे ते म्हणत. वस्तुतः मुंबई वेळ हीदेखील मध्यमवेळ होती. प्रत्यक्ष सूर्य आणि मध्यमवेळ यांत वर्षाच्या काही दिवसांत पाव तासाचे अंतर पडते, आणि ते घड्याळाने सोडून दिलेले असते. शिवाय मुंबई वेळ ही मुंबईचीच होती. ती पुण्याला किंवा नागपूरला लावली असती तर तेथील लोकांना तीही परकीच ठरली असती. संध्या, नमाज किंवा पारशांचे पाच गेह यांच्या वेळा तर मुळात सूर्यावर ठरत असल्याने त्यांना कोणत्याच घड्याळाची बाधा नव्हती. तेव्हा नैसर्गिक विरुद्ध कृत्रिम असा हा झगडा नव्हता. दोन्ही वेळा मानवनिर्मित होत्या. त्यांपैकी कोणती कोणी ठरवावी, हा झगडा होता.

जिम मॅसेलॉस यांनी मुंबई वेळेवरील आपल्या निबंधात या वादाची नागरी बाजू मांडली, आणि व्हॅनेसा ऑगल यांनी २०१३ च्या लेखात त्याला जागतिक प्रमाणीकरणाच्या चौकटीत ठेवले. ई. पी. टॉम्पसन यांनी १९६७ मध्ये औद्योगिक इंग्लंडविषयी दाखविले होते की, कामगारांची पहिली पिढी वेळेचे महत्त्व मालकाकडून शिकते आणि पुढील पिढ्या त्याच वेळेसाठी मालकाशी लढतात. मुंबईत या दोन अवस्था एकमेकींपासून फारशा दूर नव्हत्या. पहिली गिरणी सुरू होऊन सुमारे अठ्ठावीस वर्षे होतात तोच कामगार साडेसहाचे घड्याळ मागत होता.

मुंबई वेळ स्वातंत्र्यानंतरही काही काळ टिकली. तिच्या अखेरीचे वर्ष म्हणून सामान्यतः १९५५ हे वर्ष सांगितले जाते. महायुद्धाच्या काळात प्रमाणवेळ आणखी एक तास पुढे नेली होती, तेव्हा हे अंतर १ तास ३९ मिनिटांचे झाले होते. १५ ऑगस्ट १९४७ चा आरंभ प्रमाणवेळेच्या मध्यरात्री झाला. मुंबई वेळेच्या हिशेबाने तेव्हा १४ तारखेचे ११ वाजून २१ मिनिटे झाली होती. त्या रात्री कोणी हा हिशेब मांडून बसले असेल असे वाटत नाही. प्रमाणवेळ आता लादलेली राहिली नव्हती, आणि म्हणून ती हळूहळू आपली झाली. अंतर तेच ३९ मिनिटांचे होते. ते पाहणाऱ्याची जागा बदलली होती.

७

या विवेचनातून अभ्यासकांसाठी दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली व्यावहारिक आहे. १९०६ पूर्वीच्या, आणि मुंबईपुरते त्यानंतरच्याही कित्येक वर्षांच्या कागदांत ‘सहा वाजता’ असे आढळले, तर ती वेळ मुंबईची, मद्रासची की प्रमाण, हे ठरविल्याशिवाय तिचा उपयोग करू नये. १८५३ ची पहिली गाडी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी सुटली असे आपण लिहितो. त्या वेळी मद्रास वेळ रेल्वेवर आलेली नव्हती, तेव्हा आजच्या घड्याळाने ती वेळ सव्वाचारच्या सुमाराची होती. भोंगा, सूर्योदय व कामाचे तास यांचा संबंध तपासताना हे अंतर निर्णायक ठरते. १८८४ च्या साडेसहाला आपण आजचे साडेसहा समजलो, तर त्या मागणीचा अर्थच हरवतो.

दुसरी गोष्ट तत्त्वाची आहे. कालमापन जितके अचूक तितके ते निःपक्षपाती, असे आपण गृहीत धरतो. मुंबईचे उदाहरण सांगते की, दोन्ही घड्याळे अचूक असूनही त्यांच्यामधील अंतराचा भार सर्वांवर सारखा पडत नव्हता. तारखात्याला त्या अंतराने सोय दिली, नगरपित्यांना अधिकाराचा प्रश्न दिला, आणि गिरणीत जाणाऱ्या स्त्रीपुरुषांना पहाटेचा अंधार देऊ केला. तिघांच्याही साक्षी घेतल्याशिवाय त्या ३९ मिनिटांचा इतिहास पुरा होत नाही. पहिल्या दोघांच्या साक्षी दफ्तरात व्यवस्थित लावून ठेवलेल्या आहेत. तिसरी अर्जांतून, कारखाना निरीक्षकांच्या अहवालांतून आणि ‘दीनबंधू’सारख्या पत्रांच्या उपलब्ध अंकांतून कण कण वेचावी लागेल. हे काम आपल्या विभागातील तरुण संशोधकांनी हाती घ्यावे, अशी अपेक्षा व्यक्त करून हा लेख पुरा करतो.